पंगतीबाहेरचे पान

गावाने एखाद्या घराला वाळीत टाकले म्हणजे नेमके काय होते, हे आपल्या पणजीच्या पिढीला समजावून सांगावे लागत नसे. मारामारी नाही, आरडाओरड नाही. न्हावी येईनासा होतो, लग्नाची आमंत्रणे थांबतात, पाणवठ्यावर कुणी बोलत नाही, पंगतीत पान मांडले जात नाही. प्रथा वाईटच होती, आणि महाराष्ट्रात आता तिच्याविरुद्ध कायदाही झाला आहे. पण वाळीत पडलेल्या घरापुढे कोणते रस्ते उरतात ते पाहण्यासारखे असते. दंड भरून माफी मागावी, किंवा दार लावून बसावे, किंवा गावाचा नियमच अन्यायाचा आहे असे चावडीवर जाऊन सांगत राहावे. चौथा रस्ता सर्वांत अवघड. माफी मागायची नाही, नियमही मान्य करायचा नाही, आणि तरीही आपल्या वागणुकीच्या बळावर पंगतीत जागा मिळवायची.

आपल्या देशाने अणुशक्तीच्या बाबतीत हा चौथा रस्ता धरला. १९७४ पासून २००८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, तो चालावा लागला. तुमच्यापैकी अनेकांनी २००८ चा 'अणुकरार' हा शब्द शाळेत असताना टीव्हीवर ऐकला असेल. आईबाबा बातम्या बघत होते, लोकसभेत नोटांची बंडले दाखवली जात होती, आणि नेमके काय चालले आहे ते घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हते. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर.

आधी गावाचा नियम. अण्वस्त्र प्रसारबंदी करार, ज्याला आपण 'एनपीटी' म्हणून ओळखतो, १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि मार्च १९७० मध्ये अमलात आला. त्यात एक तारीख आहे: १ जानेवारी १९६७. या तारखेच्या आधी ज्यांनी अणुस्फोट केला ते पाच देश 'अण्वस्त्रधारी'. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. चीनने पहिला स्फोट ऑक्टोबर १९६४ मध्ये केला होता, त्यामुळे तो आत आला. बाकी साऱ्या जगाने शस्त्रे न बनवण्याचे वचन द्यायचे आणि आपल्या अणुभट्ट्या तपासणीसाठी खुल्या ठेवायच्या. पाच जणांनी कधीतरी निःशस्त्रीकरण करायचे, पण ते केव्हा, हे लिहिलेले नाही.

भारताने यावर सही केली नाही. हा भेदभाव आहे, ज्यांच्याकडे शस्त्रे आहेत त्यांना मोकळीक आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यावर पहारा, असे आपले म्हणणे होते. हे म्हणणे तेव्हाही खरे होते आणि माझ्या मते आजही खरे आहे. शिवाय भारत काही या विषयात उपरा नव्हता. अणुचाचण्या थांबवा, असे आवाहन नेहरूंनी १९५४ मध्येच केले होते. जो माणूस गावात दारूबंदीचा आग्रह धरतो, त्यालाच पुढे 'पाटलाच्या घरी चालते, तुझ्या घरी चालणार नाही' असा ठराव वाचायला मिळावा, तसे हे झाले.

१८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात स्फोट झाला. सरकारने त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटले. जगभर या शब्दाची थट्टा झाली, आपल्याकडेही होते. पण तो शब्द नुसता दिखाव्याचा नव्हता. या स्फोटासाठी वापरलेले प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या 'सायरस' अणुभट्टीत तयार झाले होते. ती भट्टी कॅनडाने दिलेली, त्यातले जड पाणी अमेरिकेचे, आणि दोन्ही शांततेच्या कामासाठीच वापरायचे असे ठरलेले. म्हणजे 'शांततामय' हा शब्द गेला असता तर शब्द मोडल्याचा आरोप सरळ अंगावर आला असता. कॅनडाला अर्थातच हे पटले नाही. त्याने हात काढून घेतला.

आता वाळीत टाकणे म्हणजे प्रत्यक्षात काय झाले ते बघा. राजस्थानात कोट्याजवळ रावतभाटा येथे कॅनडाच्या मदतीने दुसरी अणुभट्टी उभी राहत होती. ती अर्धवट राहिली आणि आपल्या अभियंत्यांनी चाचपडत पूर्ण केली. १९८१ मध्ये ती सुरू झाली. त्या भट्ट्यांना लागणारे जड पाणी मिळेना, तेव्हा ते सोव्हिएत संघाकडून घ्यावे लागले, तेही तपासणीच्या अटी मान्य करून. आपल्या वडोदऱ्याच्या मंडळींना फर्टिलायझरनगर ठाऊक असेलच. तिथल्या खत कारखान्याच्या शेजारचा जड पाण्याचा प्रकल्प याच काळातला. अशा कारखान्यांनी सुरुवातीची काही वर्षे अपेक्षेइतके उत्पादन दिले नाही, त्यावर टीकाही खूप झाली. पण दुसरीकडून मिळण्याची आशाच नसल्यामुळे त्यांच्यावर काम सोडता येईना. आज भारत जड पाणी निर्यात करतो.

तारापूरची कथा आणखी बोलकी आहे. पालघर जिल्ह्यातल्या त्या दोन भट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधून दिलेल्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या, आणि तीस वर्षे इंधन पुरवण्याचा करार झालेला. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन अडू लागले. मग १९८२ मध्ये तडजोड झाली. अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल. फ्रान्स थांबला तेव्हा चीन आला. चीननंतर रशिया. मुंबई-गुजरातला वीज देणाऱ्या दोन भट्ट्या इतकी वर्षे शेजाऱ्यांकडून विस्तव मागून आणल्यासारख्या चालल्या. आणि स्फोटाच्या दुसऱ्याच वर्षी, १९७५ मध्ये, अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी लंडनमध्ये बैठका सुरू केल्या, त्यातून 'अणुपुरवठादार गट' तयार झाला. वर्तमानपत्रांतला 'एनएसजी' तो हाच. तो स्थापन होण्याचे कारणच भारत होता, हे लक्षात ठेवा.

नियमाबाहेर आपण एकटेच होतो असे नाही, आणि इतरांनी आपला कलंक कसा सांभाळला हे पाहिले की आपला रस्ता वेगळा का हे कळते. इस्रायलने गप्प राहण्याचे धोरण ठेवले. पश्चिम आशियात अण्वस्त्रे आणणारे आम्ही पहिले नसू, एवढे एकच वाक्य ते वर्षानुवर्षे म्हणत आले; आहेत की नाहीत, यावर हो नाही की ना नाही. १९८६ मध्ये मोर्देखाय वानुनू या त्यांच्याच तंत्रज्ञाने सगळे बाहेर काढले, तरी धोरण बदलले नाही. दक्षिण आफ्रिकेने उलट केले. गोऱ्यांच्या सरकारने सहा बाँब गुपचूप बनवले, गुपचूप मोडले, १९९१ मध्ये करारावर सही केली आणि १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत ते उघड सांगितले. उत्तर कोरिया आधी कराराच्या आत होता. आत राहून कार्यक्रम चालवला, २००३ मध्ये बाहेर पडला, २००६ मध्ये स्फोट केला. आता तर अण्वस्त्रे सोडणार नाही असा कायदाच त्याने केला आहे. घराचे दार लावून आतून दगड मारणे, याला दुसरे नाव नाही.

पाकिस्तानचे प्रकरण आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहे, त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

१९९५ मध्ये एनपीटी कायमस्वरूपी करण्यात आला. त्याची तारीख ११ मे. पुढच्याच वर्षी जिनिव्हात सर्वंकष चाचणीबंदी कराराची चर्चा झाली आणि भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी सांगून टाकले की या विषम करारावर भारत आताही सही करणार नाही आणि नंतरही नाही. सगळ्या बड्या देशांसमोर एक बाई ठामपणे उभी राहिली, त्याचे तेव्हा घराघरांत कौतुक झाले होते. पण याचा दुसरा अर्थही होता: दारे बंद होत चालली होती. ११ मे १९९८, बुद्ध पौर्णिमा, एनपीटी कायमचा झाल्याला बरोबर तीन वर्षे. पोखरणला तीन स्फोट झाले, १३ तारखेला आणखी दोन.

या वेळी 'शांततामय' वगैरे शब्द नव्हता. ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते. त्यांनी संसदेत निवेदन केले: भारत आता अण्वस्त्रधारी देश आहे, हा दर्जा आम्ही कुणाकडे मागत नाही आणि तो कुणी बहाल करण्याचा प्रश्नही नाही. फार सुंदर वाक्य. गंमत अशी की पुढची दहा वर्षे आपल्या मुत्सद्द्यांनी जे केले ते नेमके तो दर्जा मिळवण्यासाठीच.

कारण जगाने उत्तर लगेच दिले होते. ६ जून १९९८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ११७२ एकमताने संमत केला. भारत-पाकिस्तानच्या चाचण्यांचा निषेध, आणि एनपीटीप्रमाणे या दोघांना अण्वस्त्रधारी देशाचा दर्जा मिळू शकत नाही, असे स्पष्ट वाक्य. अमेरिकेने आर्थिक निर्बंध लादले, जपानने मदत थांबवली, दोनशेहून अधिक भारतीय संस्था काळ्या यादीत गेल्या. काही शास्त्रज्ञांना परिषदेला जाण्यासाठी व्हिसाही मिळेना. याच काळात इंदूरच्या सुखनिवासजवळच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेसाठी काम चालू होते. तिथल्या सत्तावीस किलोमीटरच्या वर्तुळातले अजस्र चुंबक ज्या हजारो जॅकवर अचूक बसवलेले आहेत, ते भारतातून गेलेले आहेत. एका दारातून हाकलले जात असताना दुसऱ्या दारातून काम मागितले जात होते. इंदूरच्या मुलांना हे शाळेत सांगतात की नाही, मला माहीत नाही, सांगायला हवे.

स्फोटांनंतर भारताने जे शब्द निवडले ते पाहण्यासारखे आहेत. परराष्ट्र व्यवहार सांभाळणारे जसवंत सिंह यांनी एका नामवंत अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून या साऱ्या व्यवस्थेला 'आण्विक वर्णभेद' म्हटले. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद नुकताच संपला होता, त्यामुळे हा शब्द कुणाला कुठे लागेल हे त्यांना ठाऊक होते. मात्र त्याच वेळी ते अमेरिकेच्या स्ट्रोब टालबट यांच्याशी चर्चेच्या फेऱ्यांवर फेऱ्या करत होते. त्या चौदा झाल्या. एकीकडे तक्रार, दुसरीकडे आश्वासने. भारत यापुढे चाचणी करणार नाही असे स्वतःहून जाहीर केले. अण्वस्त्र प्रथम वापरणार नाही, हे धोरण आधी मसुद्यात आणि जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे आले. २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे तंत्रज्ञान बाहेर जाऊ नये म्हणून संसदेने कायदा केला. सही केली नाही, पण सही केलेल्यासारखे वागून दाखवले.

आणि इथे पाकिस्तान. फेब्रुवारी २००४ मध्ये अब्दुल कादिर खान यांनी टीव्हीवर येऊन कबुली दिली की इतर देशांना अणुतंत्रज्ञान त्यांनी पुरवले. इराण, लीबिया, उत्तर कोरिया ही नावे पुढे आली. भारताला वेगळे काही सांगावे लागले नाही. दोन्ही घरे वाळीत होती, पण एकाने चोरीचा माल विकला आणि दुसऱ्याने आपली तिजोरी तीस वर्षे नीट कुलूपबंद ठेवली, एवढे जगाला दिसले. पुढे पाकिस्ताननेही अमेरिकेकडे तसाच करार मागितला, मिळाला नाही.

१८ जुलै २००५. वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष बुश आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे संयुक्त निवेदन. आदल्या रात्री हे सगळे फिसकटल्यातच जमा होते, असे अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राईस यांनी नंतर लिहिले आहे. सकाळी त्या स्वतः मनमोहन सिंगांना भेटायला गेल्या. निवेदनात भारताला 'अण्वस्त्रधारी देश' म्हटलेले नाही. म्हणता येणारच नव्हते, एनपीटीतली १९६७ ची तारीख आडवी येते. तिथे शब्द आहेत ते असे: प्रगत अणुतंत्रज्ञान असलेला जबाबदार देश, आणि अशा इतर देशांना जे फायदे मिळतात ते त्यालाही मिळावेत. माझ्या दृष्टीने या साऱ्या कहाणीतली सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे हा शब्दप्रयोग. नियमाचे पुस्तक तसेच राहिले, भारताची शस्त्रेही तशीच राहिली, आणि मधल्या रिकाम्या जागेत एक नवे नाव बसवले गेले.

त्या चर्चेत भारताच्या बाजूने अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष म्हणून डॉ. अनिल काकोडकर होते. आपल्या अंकाच्या वाचकांना त्यांचा परिचय हवाच असे नाही, तरी नव्या पिढीसाठी: त्यांचा जन्म १९४३ चा, बडवानी संस्थानातला. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्तिलढ्यातले, आई कमलाताई गांधीवादी. शाळा बडवानी-खरगोनला, मग मुंबईला रुपारेल आणि व्हीजेटीआय. महाराष्ट्राबाहेर वाढलेला एक मराठी मुलगा देशाच्या वतीने जगाशी घासाघीस करत होता.

घासाघीस होती ती कुठली भट्टी नागरी आणि कुठली लष्करी, याची. नागरी म्हटले की व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस तिथे येणार. अमेरिकेला जास्तीत जास्त भट्ट्या या यादीत हव्या होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकरांनी जाहीर मुलाखत देऊन सांगितले की फास्ट ब्रीडर भट्ट्या या यादीत घालता येणार नाहीत. सरकारी अधिकाऱ्याने वाटाघाटी चालू असताना असे उघड बोलावे का, यावर दिल्लीत कुरकुर झाली. पण मार्च २००६ मध्ये यादी ठरली तेव्हा बावीसपैकी चौदा भट्ट्या तपासणीखाली गेल्या आणि ब्रीडर बाहेर राहिल्या. कॅनडाची ती जुनी 'सायरस' कायमची बंद करण्याचे ठरले. २०१० च्या अखेरीस ती बंद झाली.

हैदराबादच्या मौला अलीत १९७१ पासून अणुइंधन संकुल आहे. या विभागणीचा अर्थ समजून घ्यायचा तर तिथे पाहावे. एकाच कुंपणाच्या आत काही इमारती तपासणीखाली, काही नाहीत. परदेशातून आलेले युरेनियम या इमारतीत, देशातले त्या. ग्रॅमग्रॅमचा हिशेब. आपल्या एकत्र कुटुंबांत दोन चुली मांडल्या की डबे कसे वेगळे होतात, तसे हे, फक्त इथे डबा चुकला तर प्रकरण व्हिएन्नाला जाते.

पुढचे राजकारण तुम्हाला आठवत असेल. डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ रोजी सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास जिंकला. १ ऑगस्टला व्हिएन्नाने तपासणीचा करार मंजूर केला. मग राहिला पुरवठादार गट, तेव्हा पंचेचाळीस देशांचा, आणि तिथे एकमत लागते. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड अडून बसले. चीननेही आढेवेढे घेतले. ५ सप्टेंबरला प्रणव मुखर्जी यांनी दिल्लीतून निवेदन काढून चाचणी न करण्याच्या वचनाचा पुनरुच्चार केला. ६ सप्टेंबरला सूट मिळाली.

आयर्लंडचे म्हणणे आपल्याकडे कुणी फारसे ऐकून घेतले नाही. एनपीटीचे बीज १९५८ मध्ये आयर्लंडच्या फ्रँक एकन यांनी संयुक्त राष्ट्रांत रोवले होते. त्या छोट्या देशाचा प्रश्न साधा होता: ज्यांनी सही केली, शस्त्राचा मोह टाळला, घर तपासायला खुले केले, त्यांना काय मिळाले? आणि ज्याने केले नाही त्याला सूट? मला वाटते या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेले नाही, आणि द्यायचे टाळतो. चाळीस वर्षे आपण म्हणत होतो की नियम सगळ्यांसाठीच अन्यायाचा आहे. सूट मिळाली ती मात्र एकट्याला, आणि ती मिळाल्यावर नियमाविरुद्धचा आपला आवाज बसला. सप्टेंबर २००५ मध्ये, म्हणजे बुश यांच्याबरोबरच्या निवेदनानंतर दोनच महिन्यांनी, व्हिएन्नात भारताने इराणच्या विरोधात मत दिले. २०१७ मध्ये अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रांत तयार झाला, तेव्हा भारत त्या चर्चेला गेलाच नाही. ते पाच अण्वस्त्रधारीही गेले नाहीत. १९८८ मध्ये राजीव गांधींनी त्याच संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करण्याचा आराखडा मांडला होता. पंगतीत बसायला मिळाले की वाढप्याविषयी तक्रार करणे कठीण होते.

मिळाले काय, हेही सांगायला हवे. २००८ च्या सुमारास युरेनियमच्या तुटवड्याने आपल्या भट्ट्या निम्म्याच्या आसपास क्षमतेने चालत होत्या. नंतर रशिया, फ्रान्स, कझाकस्तानकडून इंधन आले आणि त्या नीट चालू लागल्या. २०१५ मध्ये कॅनडाने तीन हजार टनांच्या आसपास युरेनियम देण्याचा करार केला; होय, तोच कॅनडा. अणुबाँब सोसलेल्या जपाननेही २०१६ मध्ये सही केली. पण अमेरिकन किंवा फ्रेंच बनावटीची एकही नवी भट्टी अजून उभी राहिलेली नाही. रत्नागिरीतले जैतापूर कागदावरच आहे, आणि देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच. विजेसाठी म्हणून केलेल्या करारातून वीज थोडी आणि मान जास्त मिळाला.

मानही अर्धाच. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या गटात भारत २०१६ मध्ये गेला, वासेनारमध्ये २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलिया गटात २०१८ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव काळ्या यादीतून काढले. ठराव ११७२ मात्र अजून रद्द झालेला नाही. आणि पुरवठादार गट, आपल्यामुळेच जन्मलेला, आता अठ्ठेचाळीस देशांचा, तिथे भारताने मे २०१६ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केला. जूनमध्ये सेऊलच्या बैठकीत चीनने विचारले की एनपीटीबाहेरच्या देशांना घ्यायचे तर सगळ्यांना एकच निकष नको का. त्यावर एकमत झाले नाही, आणि तो अर्ज अजून तिथेच पडून आहे.